‘कडेनं जा’ म्हणता, पण कड आहे कुठं?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पंधरवड्यापूर्वी आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. रविवारी सकाळी जांबोटी रोडवर आणि वेंगुर्ला रोडवर हेल्मेट घालून फिरणारे सायकलवाले रस्ता अडवतात, हॉर्न दिला तरी बाजूला होत नाहीत, त्यांनी कडेनं जावं, असं त्यांचं म्हणणं. ते वाचलं तेव्हा मी किणयेपर्यंत जाऊन नुकतीच घरी आले होते. पोटऱ्यांवर लाल चिखल वाळला होता आणि चहा पुढ्यात होता. पत्र दोनदा वाचलं. त्यातली एक गोष्ट खरी आहे आणि ती मी पुढं कबूल करणार आहे. पण ‘कडेनं जावं’ या दोन शब्दांवर मला सविस्तर लिहायचं आहे. गेले नऊ महिने मी त्याच कडेवर सायकल शिकते आहे आणि ऑगस्टमध्ये त्याच कडेनं मला पाडलं.

मी शहापूरची. वय सत्तेचाळीस. बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावात मराठी माध्यमाच्या हायस्कुलात एकवीस वर्षं विज्ञान शिकवते. शाळेला स्कुटीवरून जाते. सायकल आमच्या घरात नवी नव्हे. वडील उद्यमबागेतल्या फौंड्रीत मोल्डर होते आणि आयुष्यभर सायकलनं कामाला गेले. शिफ्ट सुटायच्या वेळी तिसऱ्या रेल्वे गेटाकडून सायकलींचा लोंढा यायचा, त्यातून त्यांची घंटी मला ओळखू यायची. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे सीमाभागातल्या काळ्या दिनाच्या, मूक सायकल फेरीत त्यांच्या पुढच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून मला बसवलेलं अजून आठवतं. चालवायला मात्र मला कुणी शिकवलं नाही. भावाला शिकवलं. मी चोरून, दांडीखालून पाय घालून अर्धं पायडल मारायला शिकले तेवढंच. पुढं लग्न, नोकरी, स्कुटी.

गेल्या जानेवारीत भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याची रोड बाईक आमच्या पडवीत आली. वाकडं खाली वळलेलं हँडल, पुढं दोन आणि मागं आठ असे सोळा गिअर, वजन दहा-अकरा किलो. वडिलांची सायकल याच्या जवळजवळ दुप्पट जड असेल. टायर पंचवीस मिलिमीटरचा, म्हणजे एक इंचभर रुंद. तो हातात धरून बघितला आणि वाटलं, ह्याच्यावर माणूस तोलायचा कसा? मग शहापुरातल्या एका जुन्या सायकल दुकानदार काकांकडं नेली. त्यांनी मला सायकलवर बसवलं, टाच पायडलवर ठेवायला सांगितली आणि पायडल अगदी खाली असताना गुडघा सरळ होईपर्यंत सीट वर घेतली. म्हणाले, ‘‘टीचर, खाली बसून चालवलासा तर गुडघे जातील बघा. उंच वाटू दे, चार दिवसांत सवय होते.’’ चार दिवसांत झाली नाही. महिना लागला. पण गुडघे दुखले नाहीत.

पहिला रविवार पिरनवाडीपर्यंत गेले. परत येईस्तोवर बोटं बधिर आणि मान आखडलेली. दर गतिरोधकाला कणा हादरायचा. स्कुटीवर रोज याच रस्त्यानं जाते. त्याच्यात एवढे चढ आहेत हे मला एकवीस वर्षांत कळलं नव्हतं. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास. पश्चिमेला निघालं की रस्ता सह्याद्रीकडं सरकत जातो, कुठं खाली, कुठं वर. गाडीत बसलेल्याला तो सपाट वाटतो. सायकलवर प्रत्येक ओढा समजतो, कारण ओढ्याकडं उतरलेलं सगळं पुन्हा चढून यावं लागतं.

मार्चपासून मी एका गटाबरोबर जाऊ लागले. रविवारी पहाटे पावणेसहाला गोवावेसला जमायचं. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार आहेत, एक दातांचे डॉक्टर, मोबाईल दुकानवाला एक तरुण, कॉलेजची दोन मुलं आणि आम्ही दोघी बायका. निम्मे मराठी, निम्मे कन्नड. पुढचा माणूस हात खाली करून खड्डा दाखवतो आणि ‘‘खड्डा!’’ म्हणून ओरडतो. मागून मोटार आली की शेवटचा ओरडतो, ‘‘गाडी बंतु!’’ ही हाक एकेक करत पुढं जाते आणि सगळे एका ओळीत येतात. भाषेवरून आपल्याकडं किती काय होतं ते आपले वाचक जाणतात. पहाटेच्या अंधारात मागून ट्रक येताना कुठल्या भाषेत ओरडलं हे कुणी बघत नाही, हाक वेळेत आली का एवढंच बघतात. मला हे फार आवडलं.

शिकले ते सगळं सांगत बसत नाही. दोन गोष्टी तेवढ्या सांगते, कारण त्या मी मुलांनाही सांगितल्या आहेत. एक, चढ यायच्या आधी गिअर हलका करायचा, चढावर गेल्यावर नव्हे. जोर लावलेल्या चेनीला दातेरी चकती बदलायला लावलं की ती खाट्‌कन अडते आणि पाय थांबतो. पाय मिनिटाला ऐंशी-नव्वद वेळा फिरू द्यायचे. कमी वेळा आणि जोरात रेटण्यापेक्षा ते गुडघ्यांना सोपं. दुसरी गोष्ट खाण्याची. स्नायूंत साठवलेली साखर जोरात सायकल मारल्यावर दीड-दोन तास पुरते, मग दिवा विझल्यासारखं होतं. मे महिन्यात जांबोटीहून परतताना कुसमळीच्या अलीकडं माझं तसं झालं. हात थरथरायला लागले, समोरचा रस्ता दूर गेल्यासारखा वाटला. बांधावर एक म्हातारी बसली होती. तिनं विचारलं, ‘‘काय गं बाय, भुकेनं आलीस व्हय?’’ तिच्या फडक्यात नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी होती. अर्धी तिनं मला दिली, वर गुळाचा खडा. वीस मिनिटांनी मी पुन्हा सीटवर होते. तेव्हापासून मागच्या खिशात गूळ-शेंगदाणे असल्याशिवाय निघत नाही.

पंक्चरचा एक किस्सा महत्त्वाचा आहे, नवशिक्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते. देवरवाडीच्या वैजनाथाला गेलो होतो, म्हणजे सीमा ओलांडून चंदगड तालुक्यात. येताना शिनोळीजवळ माझं मागचं चाक बसलं. पंक्चरवाल्या पोरानं ट्यूब काढून छान जोडली, पण हवा भरता येईना. या सायकलींचा वॉल्व बारीक आणि लांब असतो, मोटारसायकलच्या पंपाचं तोंड त्याच्यावर बसत नाही. त्यासाठी एक पितळी टोपण मिळतं, नखाएवढं. मागाहून येणाऱ्या डॉक्टरांकडं होतं म्हणून भागलं. शिवाय मोटारीच्या टायरात तीसेक पौंड हवा असते, या टायरात ऐंशी-नव्वद लागते. तेवढी नसली की खड्ड्याच्या काठावर रिम आपटून ट्यूब चिमटते आणि दोन भोकं शेजारी-शेजारी पडतात. टोपण आता माझ्या किल्ल्यांच्या जुडग्याला आहे.

त्या दिवशी मी आणखी एक पाहिलं. बाची सोडून शिनोळीत शिरलं की पाट्या बदलतात, कन्नडच्या मराठी होतात, डांबराचा रंगही बदलतो. डांबराच्या कडेची माती मात्र इकडंही खचलेली होती आणि तिकडंही.

आता त्या कडेबद्दल.

ऑगस्टचा दुसरा रविवार. रात्रभर पाऊस होऊन सकाळी थांबला होता. पश्चिमेचा वारा समोरून. एका गावाबाहेर, उतार संपून रस्ता डावीकडं वळतो तिथं, मागून मोठा हॉर्न वाजला. तो लांबचा, जवळ आला तरी न थांबणारा होता. मी घाबरले आणि त्या गृहस्थांनी सांगितलं आहे तेच केलं, कडेला गेले. डांबर संपलं आणि पुढचं चाक खाली साईडपट्टीवर उतरलं. तिथं माती वाहून गेली होती, खडी उघडी पडली होती. मोटार गेली. मी लगेच उजवीकडं, डांबरावर यायला बघितलं. चाक डांबराच्या कडेला घासत राहिलं, वर चढेना, आणि पुढच्या क्षणी मी उजव्या अंगावर रस्त्यात पडले होते. लक्षात घ्या, रस्त्यात, मातीत नव्हे. मागून सुभेदारसाहेब होते, त्यांनी सायकल आडवी घालून मागचा टेम्पो थांबवला. कोपर आणि मांडी खरचटली, हेल्मेटला चीर गेली. डोकं त्यात होतं.

असं का झालं याचा मी आठवडाभर विचार केला, कारण घर्षण आणि गती मी नववीला शिकवते. सायकल उभी राहते ती स्थिर असते म्हणून नव्हे. ती क्षणाक्षणाला पडत असते आणि आपण तिला सावरत असतो. उजवीकडं झुकलं की हँडल नकळत उजवीकडं वळतं, चाकं पुन्हा आपल्या अंगाखाली येतात. हा सगळा खेळ पुढचं चाक मोकळं वळण्यावर आहे. खाली गेलेलं चाक डांबराच्या उभ्या कडेला टेकलं की ते उजवीकडं वळूच शकत नाही. अंग मात्र उजवीकडं झुकलेलं असतं, कारण आपल्याला तिकडंच जायचं असतं. सावरायचं साधनच अडकलं, म्हणजे माणूस पडणार. आणि पडणार तो वाहनांच्या बाजूला. वेग कमी असला तरी हे होतं. मागाहून सुभेदारसाहेबांनी समजावलं की चाक खाली गेलंच तर वर चढायची घाई करू नये, सरळ जात वेग कमी करावा, उतरावं, सायकल उचलून वर घ्यावी. शाळेतल्या मुलाला घंटा चुकत असताना हे कोण सांगणार?

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी फूटपट्टी घेऊन तिथं गेले. डांबर आणि माती यांच्या उंचीतलं अंतर अकरा सेंटिमीटर निघालं. शाळेच्या फाट्यापासून मुख्य रस्त्यापर्यंत अशा तीन जागा सापडल्या, तिन्ही वळणावर. वळणावरच का, तेही उघड आहे. एकाच वाहनाच्या रुंदीच्या रस्त्यावर दोन मोठी वाहनं समोरासमोर आली की आतल्या बाजूचं वाहन खाली उतरतं, त्याच्या चाकानं माती उकरली जाते, मग पावसाचं पाणी तिथूनच वाहतं. आणि मूळ कारण त्याच्याही आधीचं. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर पडतं, रस्ता दोन-तीन इंचांनी वर येतो. साईडपट्टी मात्र जिथल्या तिथं. नवा गुळगुळीत रस्ता झाला म्हणून आपण खूश होतो, आणि त्याच दिवशी कडेचा कट्टा आणखी उंच झालेला असतो.

आता जे लिहिते ते लिहायला मला जड जातंय.

दोन वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी होती, तीन-चार किलोमीटरवरच्या वाडीवरून सायकलनं यायची. पाठीवर दप्तर, कॅरिअरवर धाकटी बहीण. एकदा मी स्कुटीवरून येत असताना ती माझ्या पुढं होती. डांबराच्या कडेपासून चांगलं दोन हात आत, रस्त्यावर. मी हॉर्न दिला, ती हलली नाही. पुन्हा दिला. मग मी तिला वळसा घालून पुढं गेले आणि शाळेत वर्गासमोर उभं करून रागावले. ‘‘रस्ता तुझ्या बापाचा आहे का? कडेनं जाता येत नाही?’’ हेच शब्द होते माझे. ती खाली मान घालून एवढंच म्हणाली, ‘‘टीचर, कडंनं गेलं की पडतोय.’’ मला तो बहाणा वाटला.

ती बरोबर होती. तेरा वर्षांची मुलगी रोज त्या रस्त्यानं जाऊन जे शिकली होती ते मला सत्तेचाळिसाव्या वर्षी, हेल्मेट फुटल्यावर कळलं. मी रविवारी जाते, गूळ-शेंगदाणे घेऊन, सहा जणांबरोबर, मागून ओरडायला माणूस असतो. ती एकटी जाते, बहिणीला मागं बसवून. ऑगस्टच्या त्या सोमवारी मी तिला स्टाफरूममध्ये बोलावून माफी मागितली. ती आता दहावीत आहे. ती कावरीबावरी झाली, आणि मग तिनं मला त्या रस्त्यावर आणखी कुठं कुठं पडायला होतं ते सांगितलं. मी मोजलेल्या तीन जागांपैकी दोन तिनंच दाखवल्या आहेत.

कर्नाटक सरकारनं २००६-०७ साली आठवीच्या मुलांना सायकली द्यायला सुरुवात केली होती. तेव्हा मी नोकरीला नवी होते. वाटपाच्या दिवशी पटांगणात एका रंगाच्या सायकली ओळीनं उभ्या असत आणि मुली घंट्या वाजवत सुटत. ज्या मुली सातवीनंतर घरी बसायच्या त्यांच्यातल्या कितीतरी त्या सायकलीमुळं आमच्यापर्यंत पोचल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पुढं कोविडच्या काळात ते वाटप थांबलं. पण सायकली अजून येतात, थोरल्या बहिणीच्या, जुन्या, दुरुस्त केलेल्या. सायकल दिली ते चांगलंच केलं. ती चालवायला वीतभर सपाट जागा द्यायची राहून गेली.

रविवारच्या सायकलवाल्यांबद्दल बोलताना हे विसरलं जातं म्हणून सांगते. त्या रस्त्यावर आम्ही आठवड्यातून एकदा. रोज त्याच कडेवर दूधवाले असतात, दोन्हीकडं कॅन लटकवलेले. मच्छेकडं कारखान्यांत जाणारे कामगार असतात. भांगलणीला, रताळी काढायला चालत जाणाऱ्या बायका असतात, डोक्यावर पाटी घेऊन. माझ्या पडण्याच्या आदल्याच रविवारी अशाच एका दूधवाल्यानं मला मागं टाकताना सांगितलं होतं, ‘‘निधान होग्री, अक्का.’’ हळू जा. त्याच्या सायकलीचं ओझं माझ्या दुप्पट-तिप्पट असेल आणि तो न पडता जातो. त्याला रस्ता पाठ आहे, म्हणून. हे कौशल्य प्रत्येकानं पडून पडून का मिळवायचं?

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. गतिरोधक हवेतच, गावातली पोरं रस्त्यावर असतात आणि मोटारी ऐकत नाहीत. गावकरी रातोरात डांबराचा ढिगारा घालून ते करतात, त्यामागची भीती मला समजते. पण इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणं गतिरोधक ३.७ मीटर रुंदीचा आणि १० सेंटिमीटर उंचीचा, म्हणजे पसरट हवा. ताशी पंचवीस किलोमीटरनं जाणारं वाहन त्यावरून न आदळता जावं म्हणून ते माप आहे. फूटभर रुंदीचा उभा बंधारा घातला तर मोटार कचकन थांबते, सायकलवाला उडतो. त्याला निदान पांढरे पट्टे ओढावेत. ‘रस्ते उब्बु’ची, म्हणजे गतिरोधकाची, पाटी आहे पण उब्बु झिजून गेला आहे, आणि उब्बु आहे तिथं पाटी नाही, अशा दोन्ही जागा मला माहीत आहेत. शहरात गटारांवरच्या लोखंडी जाळ्यांचे गज रस्त्याच्या दिशेनं लावलेले असतात. अरुंद टायर सरळ आत जातो. गज आडवे लावले तर पाणी तेवढंच जातं आणि चाक अडकत नाही. याला जादा पैसेही लागत नाहीत.

आणि ऊस. हंगाम आता सुरू होईल. पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं असतो, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं झाकलेला, आणि उसाचे वाढे दोन्ही बाजूंना दोन-दोन हात बाहेर आलेले. ट्रॅक्टरवाल्यांना मी दोष देत नाही, तीही माणसं रात्र-रात्र जागी असतात. पण कारखान्याच्या गेटवर वजन होतंच, तिथंच मागची पट्टी पुसलेली आहे की नाही हे बघितलं, तर बराच फरक पडेल. सुगीत रस्त्यावर भात आणि नाचणी पसरतात त्याबद्दल मात्र मी तक्रार करणार नाही. खळी राहिली नाहीत, शेतकऱ्यानं मळणी करायची कुठं? आम्ही उतरून चालत जातो, दोन मिनिटं लागतात.

आता कबुली. त्या गृहस्थांनी लिहिलंय की सायकलवाले दोघं-दोघं शेजारी गप्पा मारत जातात. खरं आहे. मीही गेले आहे, वळणावरसुद्धा. माझ्या अपघातानंतर आमच्या गटानं ठरवलं आहे, की किणयेच्या पुढं जिथून रस्ता अरुंद होतो तिथून एक ओळ. वळणावर आणि चढाच्या माथ्यावर शेजारी कुणी नाही. उजाडेपर्यंत मागं लाल दिवा प्रत्येकाला. आणि फोटोसाठी थांबायचं तर सायकली रस्त्याबाहेर घेऊन. रविवारी ज्यांना आमच्यामुळं खोळंबावं लागलं त्यांची मी क्षमा मागते. पण एकट्या सायकलवाल्यानं डांबराच्या कडेपासून दीड-दोन हात आत चालणं ही मुजोरी नव्हे. पडायचं झालं तर अंगाखाली डांबर असावं आणि सावरायला डावीकडं जागा असावी, म्हणून तो तिथं असतो. त्याला ओलांडायला दहा सेकंद लागली तर लागू द्यावीत. हॉर्न एकदा, लांबून, पुरतो. जवळ येऊन वाजवलेला हॉर्न माणसाला नेमकं तिकडं ढकलतो जिथं तो पडणार आहे.

माझं मागणं मोठं नाही. सायकलींसाठी वेगळा मार्ग मागत नाही, आमच्या रस्त्यांना तेवढी रुंदीच नाही. पाऊस ओसरतो आहे. ऊस आणि सुगी सुरू व्हायच्या आत साईडपट्टीवर मुरूम घालून, पाणी मारून, तो दाबून डांबराच्या बरोबरीला आणावा. नुसता पसरून जाऊ नये, पहिल्या वळिवात वाहून जातो. सगळ्या रस्त्याला जमत नसेल तर आधी वळणं घ्यावीत, आणि शाळांच्या दोन्ही बाजूंचा एकेक किलोमीटर. दुसरं, यापुढं डांबराचा नवा थर पडेल तेव्हा त्याची कड उभी कापल्यासारखी सोडू नये. अमेरिकेत डांबर टाकतानाच यंत्राला एक जोड लावून कडेला सुमारे तीस अंशांचा उतार देतात. माती खचली तरी चाक त्या उतारावरून सरळ वर चढतं. मोटारीचंही, सायकलीचंही. जोड लोखंडाचा आहे. उद्यमबागेत त्याच्याहून कितीतरी अवघड वस्तू रोज घडतात, वडिलांच्या हाताखाली घडलेल्या मी पाहिल्या आहेत.

संपादक महोदय, पत्र लांबलं. जागेअभावी कापावं लागलं तर माझ्या शिकण्याचा भाग कापा, कडेबद्दलचा आणि त्या मुलीचा ठेवा. तिचं, शाळेचं आणि गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. तिन्ही जागांची मापं, जवळच्या झाडाची किंवा मोरीची खूण आणि फोटो असा एक कागद मी तयार केला आहे. ज्या खात्याकडं हा रस्ता आहे तिथं तो मराठीत आणि कन्नडमध्ये याच आठवड्यात देणार आहे. कन्नडचं भाषांतर आमच्या गटातल्या मोबाईल दुकानवाल्यानं केलंय. माझ्या अंदाजानं तिन्ही जागांना मिळून ट्रॅक्टरची एक ट्रॉली मुरूम पुरेल. जागा दाखवायला मी शाळा सुटल्यावर, साडेचारनंतर, कुठल्याही दिवशी येईन.

आपली,
एक शिक्षिका,
शहापूर, बेळगाव